बहिष्कार सोपा, प्रस्थान अवघड

डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला, की मराठी मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न हमखास पुढे येतो. जानेवारीत कुठे जायचे? नोकरदारांच्या रजा शिल्लक असतात, शाळांना नाताळची सुट्टी असते, अमेरिकेहून आलेला मुलगा, सून आणि नातवंडे चार दिवस हाताशी असतात. वृत्तपत्रांची पाने प्रवासी संस्थांच्या जाहिरातींनी भरून जातात. पाच रात्री, सहा दिवस, न्याहारीसह. बँकॉक, दुबई, बाली, नाहीतर गोव्याचा किनारा. घरातील ज्येष्ठ एखाद्या तीर्थक्षेत्राचे नाव सुचवतात, तरुण मंडळी हसून ते बाजूला सारतात आणि अखेरीस ज्या जाहिरातीतील अक्षरे सर्वांत मोठी, तिच्याप्रमाणे घर निघते.

हा प्रश्न वरवर पाहता खासगी आहे. ज्याचा पैसा त्याची सहल, यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. तथापि हाच मध्यमवर्ग सहलीचा प्रश्न खासगी मानत नाही, याचे पुरावे त्यानेच गेल्या काही वर्षांत दिले आहेत.

संतापाचे आयुष्य किती?

जानेवारी २०२४ आठवून पाहा. पंतप्रधान नरेंद्र मोदी लक्षद्वीपला गेले, तेथील निळ्याशार पाण्याची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी भारताविषयी व पंतप्रधानांविषयी अश्लाघ्य शेरेबाजी केली. त्यानंतरचा आठवडाभर आपल्या घराघरांत मालदीववर बहिष्कार पुकारला गेला. ठरलेल्या सहली रद्द झाल्या. मालदीव सरकारला त्या तिघांना निलंबित करावे लागले. परिणाम आकड्यांतही दिसला. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मालदीवचे अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला येऊन गेले. सामान्य भारतीय प्रवाशाच्या पाकिटात केवढी शक्ती आहे, हे या प्रसंगाने सिद्ध केले, आणि त्याबद्दल समाजाचे अभिनंदन केलेच पाहिजे.

मे २०२५ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. पहलगामच्या बैसरन कुरणात २२ एप्रिलला २६ निरपराधांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते, आणि ते सारे सहलीलाच गेले होते. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात तुर्कस्तानने पाकिस्तानची उघड पाठराखण केली. लगेच तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सहली रद्द झाल्या, पुण्याच्या बाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांना नकार दिला. हेही योग्यच झाले.

पण आता आपणच आपल्याला एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. मालदीवला न गेलेले सत्तर-ऐंशी हजार लोक गेले कुठे? लक्षद्वीपला? लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरील धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची आहे. तेथे लहान विमानेच उतरतात. प्रवेशासाठी परवाना लागतो, राहण्याच्या खोल्या मोजक्या, पिण्याच्या पाण्याचीच जेथे टंचाई तेथे हॉटेलांची रांग कोठून उभी राहणार? आपण लक्षद्वीपचे नाव आठवडाभर जपले, तेथे जाणे कठीण आहे असे कळताच दुसऱ्या कुठल्यातरी परदेशी किनाऱ्याचे तिकीट काढले आणि देशकार्य केल्याच्या समाधानात घरी परतलो. ‘तेथे जाऊ नका’ हे सांगायला आठवडा पुरतो. ‘येथे जा’ हे सांगायला, आणि वर्षानुवर्षे जात राहायला, निष्ठा लागते. बहिष्कार सोपा असतो. प्रस्थान अवघड असते.

सिंधुबंदी नको, पण क्रम हवा

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निराकरण आधीच केलेले बरे. परदेशप्रवास करू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात बेड्या मोजून दाखवल्या, त्यांतील एक सिंधुबंदी होती. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, ही खुळचट कल्पना त्यांनी निर्दयपणे झोडपली. ती बेडी पुन्हा घडवण्याचा उद्योग कोणी करू नये. जग पाहावे, चार गोष्टी शिकाव्यात, आपले चार गुण तेथे दाखवावेत.

मुद्दा क्रमाचा आहे. स्वामी विवेकानंद १८९३ मध्ये शिकागोला गेले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याआधी हा परिव्राजक संन्यासी काही वर्षे सारा भारत हिंडला, कधी पायी, कधी आगगाडीने. राजवाड्यांत राहिला, झोपड्यांत राहिला, पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी उतरला, बेळगावला गेला आणि डिसेंबर १८९२ च्या अखेरीस कन्याकुमारीच्या शिळेवर ध्यानस्थ बसला. आधी देश पाहिला, मग जगापुढे उभा राहिला. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हा क्रम नेमका उलटा केला आहे. दहावीच्या आत सिंगापूर पाहिलेली मुले आज महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात सापडतात. त्यांतील किती जणांनी गोदावरीच्या पलीकडचा, कृष्णेच्या खालचा भारत पाहिला आहे?

आणि हा क्रम काही विवेकानंदांनी शोधून काढलेला नाही. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची आणि रामेश्वरची वाळू प्रयागला आणायची, ही रीत ज्या समाजाने घालून घेतली, त्याने नकाशा काढण्याआधीच देश जोडला होता. रेल्वे आली म्हणून भारत एक झाला, असे सांगणाऱ्या विद्वानांनी सांगावे, की १८५७ च्या वर्षी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेस कोणत्या रेल्वेने गेले होते? दक्षिणा मिळवायला निघालेला हा भिक्षुक झाशीच्या रणकल्लोळात सापडला, लुटला गेला, तरी गंगेची कावड घेऊनच घरी परतला. त्याआधी काही दशके अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यांचे राज्य होते माळव्यात. मग रामेश्वरच्या यात्रेकरूची तहान ही त्यांना आपली जबाबदारी का वाटली? कारण आपला देश म्हणजे आपले संस्थान नव्हे, हे त्या साध्वीला कळत होते.

यंदा दक्षिणेस चला

म्हणून येत्या जानेवारीसाठी एक निश्चित प्रस्ताव वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. दक्षिणेस चला. अधिक नेमके सांगायचे तर तमिळनाडूत चला. जिंजी, तंजावर, श्रीरंगम, रामेश्वर आणि कन्याकुमारी, असा दहा-बारा दिवसांचा प्रवास करा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. जानेवारीत आकाश निवळते, भाताची कापणी होऊन सुगी दारात आलेली असते, ऊन सुसह्य असते. ज्या महिन्यात उत्तरेतील गाड्या धुक्यात अडकून पडतात, त्या महिन्यात दक्षिण दोन्ही हात पसरून उभी असते.

पण केवळ हवामानासाठी हे सुचवलेले नाही. तेथे जाण्याची खरी निकड वेगळीच आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूचे तत्कालीन मंत्री उदयनिधी स्टॅलिन यांनी सनातन धर्माची तुलना डेंग्यू-मलेरियाशी करून त्याचे निर्मूलन झाले पाहिजे असे जाहीर सभेत सांगितले. त्या वेळी महाराष्ट्रात निषेधाच्या सभा झाल्या, लेख लिहिले गेले. निषेध करणे आवश्यकच होते. परंतु त्या निषेधकांपैकी कित्येकांच्या बोलण्यात, ‘हे मद्रासी असेच’ असा सूर डोकावत होता. येथेच आपण नकळत त्या मंत्र्यांच्या बाजूने साक्ष देत असतो! तमिळ माणूस वेगळा, त्याचा धर्म वेगळा, त्याचे नाते तुमच्याशी नाही, असे द्रविडवादी राजकारण शतकभर सांगत आले आहे. विंध्याच्या अलीकडे बसून पाच राज्यांच्या, चार भाषांच्या माणसांना एकाच ‘मद्रासी’ शब्दात कोंबणारा मराठी माणूस तेच सांगतो, फक्त मराठीतून सांगतो. या प्रचाराला निषेधसभा हे उत्तर नव्हे. तमिळनाडूतील एखाद्या देवळाच्या प्राकारात पहाटे पाच वाजता थंड दगडावर उभे राहणे, हे त्याचे उत्तर आहे.

जिंजीची आठ वर्षे

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि महाराष्ट्रात आनंदोत्सव झाला. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड ही नावे सर्वांच्या ओठांवर होती. या बारांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा जिंजी. चेन्नईपासून दीडशे किलोमीटरवर, पुदुच्चेरीपासून त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. दरवर्षी हजारो मराठी प्रवासी पुदुच्चेरीच्या फ्रेंच गल्लीत छायाचित्रे काढून परततात. दीड-दोन तासांच्या वाटेवर आपला बारावा किल्ला उभा आहे, याची त्यांना वार्ताही नसते.

काय आहे जिंजी? शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात हा किल्ला घेतला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना कवेत घेणारी तटबंदी. महाराष्ट्रावर बिकट प्रसंग आला तर पाठीशी एक आसरा असावा, ही महाराजांची दूरदृष्टी बारा वर्षांत खरी ठरली. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने हालहाल करून ठार मारले. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला. राजाराम महाराज वेषांतर करून, बिदनूरच्या राणी चेन्नम्मांच्या साहाय्याने, शेकडो मैलांचा प्रवास करून जिंजीला पोहोचले. झुल्फिकारखानाने १६९० मध्ये किल्ल्याला वेढा घातला आणि तो हाती यायला १६९८ साल उजाडावे लागले. तोवर राजाराम महाराज किल्ल्यातून निसटलेही होते. या आठ वर्षांत इकडे रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांनी मोगलांना सळो की पळो करून सोडले आणि मराठ्यांची राजधानी तमिळ भूमीवर नांदत होती.

ज्या मातीने आपल्या राजाला आणि आपल्या राज्याला आठ वर्षे सांभाळले, त्या मातीचे मराठी माणसावर ऋण आहे. स्वराज्य टिकले ते तमिळ देशातील एका गडामुळे आणि कानडी राणीच्या धैर्यामुळे. हा इतिहास ज्याने जिंजीच्या पायऱ्या चढताना मुलांना सांगितला, त्याला राष्ट्रीय एकात्मतेवर निराळे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.

तंजावरची मराठी

जिंजीहून तंजावरला जावे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यापासून सुरू झालेले भोसल्यांचे राज्य येथे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, १८५५ पर्यंत टिकले. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. सुमारे दोनशे फूट उंचीचे त्याचे विमान पाहून मान दुखेपर्यंत वर बघत राहावे, आणि मग मंदिराच्या ओवरीत यावे. तेथे भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे. हा दीर्घ शिलालेख मराठीत आहे. चोळांच्या मंदिरात, तमिळांच्या देशात, मराठी भाषा दगडावर कोरलेली! तिला तेथून कोणी खरवडून काढलेले नाही. आपल्याकडे दुसऱ्या भाषेची पाटी दिसताच ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांनी या भिंतीसमोर पाच मिनिटे शांत उभे राहावे.

सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते हजारोंच्या संख्येने जपून ठेवली आहेत. मोडी कागदपत्रांचा संग्रह आहे. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतो. तंजावरच्या शहाजीराजांच्या दरबारात त्याआधी जवळजवळ दीड शतक ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक रचले गेले होते. सज्जनगडावरील राममूर्ती तंजावरहून आल्या, असे समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते आणि रामदासी मठ कावेरीच्या काठी स्थापन झाले. तेथील भजन संप्रदायात आजही तमिळ कंठांतून मराठी अभंग ऐकू येतात. तंजावरी मराठी बोलणारी घरे आजही आहेत. त्या बोलीत तमिळचा वास आहे, काही शब्द तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत. पण ती मराठी आहे. दुबईच्या बाजारात ‘कसं काय’ म्हणणारा दुकानदार भेटला की आपल्याला भरून येते. तंजावरातील या आप्तांना भेटायला मात्र कोणाला सवड नाही.

धनुर्मास आणि मार्गळी

जानेवारीच का, याचे सर्वांत सुंदर कारण पंचांगात आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ आपल्याकडे धनुर्मास म्हणून ओळखला जातो. जुन्या घरांत अजूनही झुंजुमुंजू होताना मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी असा नैवेद्य होतो. हाच काळ तमिळ देशात मार्गळीचा महिना. तेथे पहाटे अंगणात कोलम रेखले जाते, बारा आळवारांतील एकमेव स्त्री असलेल्या आंडाळच्या ‘तिरुप्पावै’ची तीस पदे रोज एक याप्रमाणे गायिली जातात आणि देवाला नैवेद्य असतो तांदूळ आणि मुगाच्या डाळीचा पोंगल. नाव वेगळे, पहाट तीच, मूग तेच, देव तोच. संक्रांतीच्या आदल्या दिवसाला आपण भोगी म्हणतो. तमिळ घरात त्याच दिवसाला काय म्हणतात? भोगीच! दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सुगडे पुजली जातात, त्यांच्याकडे नव्या मडक्यात नवा तांदूळ उतू जाऊ देतात. आपला बैलपोळा श्रावणात, त्यांचा माट्टुपोंगल संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. शिंगे दोन्हीकडे रंगतात.

या देशात एकत्व नाही, ते वरून लादलेले आहे, असे सांगणाऱ्यांशी वाद घालण्यात आपली बरीच शक्ती खर्च होते. त्याऐवजी मुलांना भोगीच्या दिवशी तमिळनाडूतील एखाद्या खेड्यात उभे करा. पुस्तकात वाचलेले ‘विविधतेतील एकता’ हे वाक्य त्यांना नाकाने हुंगता येईल.

त्याच सुमारास तंजावरजवळच्या तिरुवय्यारूत कावेरीकाठी संत त्यागराजांची आराधना होते. ६ जानेवारी १८४७ ला त्यांनी देह ठेवला. पौष वद्य पंचमीच्या या तिथीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. तेलुगू भाषेतील रचना, तमिळ भूमी, मराठ्यांचे राज्य आणि रामाचे नाव. आणखी कोणता पुरावा हवा?

शेवटचा मुक्काम

या प्रवासाचा शेवट कन्याकुमारीला व्हावा, आणि शक्य असेल तर तो १२ जानेवारीच्या आसपास असावा. त्या दिवशी स्वामीजींची जयंती. समुद्रातील शिळेवर २ सप्टेंबर १९७० रोजी उभे राहिलेले विवेकानंद शिलास्मारक हे एका मराठी माणसाच्या कर्तृत्वाचेही स्मारक आहे. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे एकनाथजी रानडे यांनी तीनशे तेवीस खासदारांच्या सह्या मिळवल्या. पक्षभेद बाजूला ठेवून सर्व विचारांच्या नेत्यांना या कामाशी जोडले, आणि लक्षावधी सामान्यांकडून रुपया-रुपया गोळा केला. कोणाही एका धनिकाच्या देणगीवर हे स्मारक उभे राहिलेले नाही. या अंकाच्या ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांनी त्या वेळी घरोघरी जाऊन पावत्या फाडल्या असतील. त्यांच्या नातवंडांनी ते स्मारक पाहिले आहे का, हे त्यांनीच तपासावे. १९७२ च्या ७ जानेवारीला एकनाथजींनी विवेकानंद केंद्र स्थापन केले. विवेकानंदपुरमच्या परिसरात प्रवाशांच्या निवासाची साधी, स्वच्छ सोय आहे. शेजारच्या खडकावर १ जानेवारी २००० रोजी उभा राहिलेला तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा आहे. दोन्ही खडक ३० डिसेंबर २०२४ पासून काचेच्या पुलाने जोडले गेले आहेत. बंगाली संन्यासी आणि तमिळ कवी आता एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नाहीत, पावलांच्या अंतरावर आहेत.

आक्षेप आणि उत्तरे

या प्रस्तावावर येणारे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला खर्चाचा. देशातल्या विमानप्रवासाचे दर सुट्टीच्या काळात भडकतात, आणि बँकॉकचे तिकीट प्रसंगी अंदमानपेक्षा स्वस्त पडते, ही तक्रार खरी आहे. सरकारने आणि विमान कंपन्यांनी तिचा विचार केलाच पाहिजे. पण तमिळनाडूला विमानानेच गेले पाहिजे, असा कोणाचा आग्रह आहे? मुंबई-पुण्याहून चेन्नईस रेल्वेने जाता येते, कन्याकुमारीहून पुण्यापर्यंत थेट गाडी आहे. मुलांना दीड दिवस रेल्वेच्या खिडकीत बसू द्या. मातीचा रंग, शेताची बांधणी, फलाटावरील भाषा बदलत जाते, तो बदल विमानाच्या खिडकीतून दिसत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. तेथे हिंदी चालत नाही, असे तक्रारीच्या सुरात सांगितले जाते. आपल्या राज्यात येणाऱ्याने मराठीचा मान राखावा ही आपली अपेक्षा रास्त असेल, तर दहा तमिळ शब्द शिकून जाणे हे आपलेही कर्तव्य नव्हे काय? ‘वणक्कम’ आणि ‘नन्री’ एवढ्या दोन शब्दांनी जी दारे उघडतात, ती तावातावाने बोललेल्या हिंदीने उघडत नाहीत.

तिसरा आक्षेप जेवणाचा, आणि तो सर्वांत केविलवाणा आहे. आमच्या सहलीत सर्वत्र मराठी जेवण, अशा जाहिराती आपण वाचतो. दीड हजार किलोमीटर जायचे आणि सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री पिठलेभाकरी खायची! घरचे ताट बरोबर घेऊन फिरणाऱ्याने घर सोडले असे कसे म्हणावे? ज्या देशाचे अन्न आपल्या घशाखाली उतरत नाही, तो आपला देश आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

चौथा आक्षेप मुलांचा. त्यांना देवळे-किल्ले पाहून कंटाळा येतो म्हणतात. कंटाळा देवळांचा येत नाही. काहीही न सांगता धावत-पळत देवळे दाखवण्याचा येतो. अंदमानच्या सहलीत सेल्युलर जेलला एक तास आणि स्वराज द्वीपच्या किनाऱ्याला दोन दिवस, असे वेळापत्रक आपण मुकाट्याने स्वीकारतो. ज्या कोठडीत सावरकरांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे काढली, तिच्यापुढे छायाचित्र काढण्यापुरते थांबतो, आणि मग मुलांना इतिहासाची गोडी नाही म्हणून हळहळतो. जाण्याआधी आठ दिवस रोज रात्री अर्धा तास घरात जिंजीची गोष्ट सांगा, मग बघा, गडाच्या पायऱ्यांवर कोण पुढे असते.

आपल्या वागणुकीविषयीही दोन शब्द कठोरपणे सांगितले पाहिजेत. ३१ डिसेंबरला आपल्याच गडांवर दारूच्या बाटल्या नेणारी, तटावर नावे कोरणारी मंडळी बाहेरून आलेली नसतात. देवदर्शनाला जाऊन रांग मोडण्यासाठी ओळखी शोधणारे आपणच असतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या कावेरीत टाकून आपण त्यागराजांना कोणती आदरांजली वाहणार? यात्रेकरू आणि गिऱ्हाईक यांत फरक आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतो आणि हक्क मागतो. यात्रेकरू नमस्कार करतो आणि जागा स्वच्छ ठेवून परततो.

कार्यकर्त्यांसाठी शेवटचे काम. ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना देशाच्या अन्य भागांतील घरांत पाहुणे म्हणून नेण्याचा उपक्रम विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी १९६६ पासून चालवला आहे. ती मुले मराठी घरांत राहतात, आपल्या पंगतीला बसतात आणि नाते घेऊन परत जातात. पाहुणे येण्याची ही वाट चालू आहे. पाहुणे म्हणून जाण्याची वाट आपण कधी पाडणार? प्रत्येक नगरात, प्रत्येक मोठ्या सोसायटीत पाच-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन असा प्रवास आखावा. तमिळनाडूतील परिचितांशी आधी पत्रव्यवहार करावा, पोंगलचा दिवस एखाद्या तमिळ कुटुंबात काढावा आणि पुढच्या वर्षी गणेशोत्सवात त्यांना आपल्या घरी बोलवावे. जिंजीला आणि तंजावरला मराठी माणसे सतत दिसू लागली, की तेथे मराठी माहितीपत्रकेही येतील आणि मराठी जाणणारे मार्गदर्शकही तयार होतील. जो जातच नाही, त्याच्यासाठी कोण पाटी लावणार?

मालदीवच्या मंत्र्यांनी तोंड सोडले तेव्हा आपण लक्षद्वीप आठवले. आता कोणी अपमान करण्याची वाट पाहू नये. जानेवारीची आरक्षणे महिनाभर आधी संपतात. म्हणून आजच रात्री जेवणानंतर नकाशा काढावा, तारखा ठरवाव्यात आणि सामानात तिळगुळाचा एक डबा जास्तीचा ठेवावा. तंजावरात ज्याच्या घरी उतराल, त्याच्या मुलांच्या हातावर तो ठेवायचा आहे.